अंतराचा हिशोब : पक्ष्यांसाठी कॅमेरा घेण्याआधी

"पक्ष्यांच्या फोटोसाठी कोणता कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न आमच्या ऑफिसात वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा बोनस जमा झाल्यावर, आणि एकदा कुणीतरी भिगवणला जाऊन रोहित पक्षी बघून आल्यावर. मग काय, चहाच्या टपरीवर पक्ष पडतात. एक कॅननवाला, एक निकॉनवाला, एक नुकताच सोनीत गेलेला. मेगापिक्सेल, सेन्सर, सेकंदाला किती फ्रेम... चहा गार होतो, पण निकाल लागत नाही. आम्ही सगळे इंजिनिअर असल्यामुळे एक्सेल शीटही तयार होते!

त्या शीटमध्ये एक रकाना मात्र कधीच नसतो. पक्षी तुमच्यापासून किती लांब असणार आहे?

मी मूळचा वाशिम जिल्ह्यातला, कारंज्याकडचा. आमच्याकडे घनदाट जंगल नाही. माळ आहेत, गवत आहे, ई-क्लासच्या जमिनी आहेत आणि उरलेलं सगळं सोयाबीन. अशा उघड्या रानात पक्षी तुम्हाला दिसायच्या आधी तुम्ही त्याला दिसता. त्यामुळे हा अंतराचा रकाना माझ्या डोक्यात पहिल्यापासून आहे. मागचे काही शनिवार-रविवार पक्ष्यांच्या फोटोग्राफीचा इतिहास वाचत बसलो, तेव्हा लक्षात आलं की सगळा इतिहास याच एका रकान्याचा आहे. तोच आज सांगतो. कॅमेऱ्याचं नाव शेवटी आपोआप निघेल.

आधी बंदूक

कॅमेरा येण्याआधी पक्षी "नीट बघायचा" एकच मार्ग होता, तो म्हणजे मारून. एकोणिसाव्या शतकातले भारतातले बहुतेक पक्षीतज्ज्ञ हे इंग्रज अधिकारी. कुणी कलेक्टर, कुणी डॉक्टर, कुणी लष्करात. सकाळी बंदूक घेऊन जायचं, पक्षी पाडायचा, कातडं सोलून त्यात कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. ए. ओ. ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच, यांनी असे हजारो नमुने जमवले आणि १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिले. त्या काळासाठी यात काही वावगं नव्हतं. कातडं हाच पुरावा होता.

आपले सालिम अलीही तिथूनच आले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये ओळख पटवायला गेले, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही त्या चिमणीवरूनच आलं.

आता गंमत बघा. उडणाऱ्या पक्ष्याचे लागोपाठ फोटो घेणारं पहिलं गाजलेलं यंत्र कसं होतं? हुबेहूब बंदुकीसारखं! एटिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये ते बनवलं. खांद्याला लावायचं, नेम धरायचा, चाप ओढायचा. सेकंदाला १२ चित्रं, प्रत्येक चित्राला सेकंदाचा ७२० वा भाग. त्याला सुंदर फोटो नको होते, पंखांची हालचाल समजून घ्यायची होती. पण आकार बंदुकीचाच राहिला आणि भाषाही. इंग्रजीत फोटो 'शूट' करतात म्हणून आपण हसायचं कारण नाही. आपणही "काय फोटो मारलास रे!" असंच म्हणतो.

बैलाच्या पोटात

इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे दोन भाऊ रानातल्या पक्ष्यांच्या फोटोग्राफीचे आद्यपुरुष मानले जातात. १८९२ मध्ये त्यांनी अंडी असलेल्या घरट्याचा फोटो काढला, आणि १८९५ मध्ये फक्त रानातल्या फोटोंनी सजवलेलं पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक काढलं. त्यांचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, काचेची प्लेट आणि तिपाई. लेन्स अशी की पक्षी चौकटीत मोठा दिसायला कॅमेरा त्याच्याजवळ अगदी काही फुटांवर न्यावा लागायचा.

काही फुटांवर कोणता पक्षी बसून राहील? म्हणून या भावांनी चक्क बैलाचं कातडं आणून त्याचा पोकळ बैल बनवून घेतला. माणूस कॅमेऱ्यासकट पोटात शिरणार आणि भोकातून फोटो काढणार. हा बैल एकदा आतल्या माणसासह उलटा पडला, चारी पाय वर, आणि दुसऱ्या भावाने त्याचाही फोटो काढून ठेवला! हसू येतं खरं, पण यातली कल्पना पक्की होती. अंतर कमी करायचं असेल तर स्वतः गायब व्हा. आजही पक्षीमित्र लपण बांधतात ते याच तत्त्वावर.

पण लपण बांधायचं कुठे? पक्षी जिथे नक्की येणार तिथे. आणि विणीच्या काळात पक्षी नक्की येणार अशी एकच जागा, घरटं. त्यामुळे पुढची निदान पन्नास वर्षं पक्ष्यांची फोटोग्राफी म्हणजे घरट्यावरची फोटोग्राफी असंच समीकरण झालं. जुनी पुस्तकं चाळा. पिल्लांच्या तोंडात अळी भरवणारी आई, अंड्यांवर बसलेला पक्षी, पुन्हा पिल्लं, पुन्हा अंडी. ती त्या लोकांची आवड होती असं नाही. ती त्यांच्या कॅमेऱ्याची मर्यादा होती. यंत्राला जे जमत होतं, तोच त्या काळाचा 'चांगला फोटो' ठरला.

भारतात हे काम मनापासून करणारे एक होते ई. एच. एन. लोदर. ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरी आणि सुट्टीत पक्षी, म्हणजे तसे आपल्याच जातीचे. त्यांचं 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हे पुस्तक १९४९ मध्ये आलं. दुसरे लोक वान थो, सिंगापूरचे चित्रपटगृहांचे मालक. १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे सिंगापूर सोडून भारतात आले आणि इथे त्यांची सालिम अलींशी गाठ पडली. दोघांनी मिळून भरपूर भटकंती केली. लोक यांनी फोटो काढले आणि सालिम अलींच्या मोहिमांना पैसाही पुरवला.

या घरटेवाल्या काळाची किंमत मुख्यतः पक्ष्यांनी मोजली. नीट दिसावं म्हणून घरट्यासमोरच्या फांद्या बाजूला करायच्या, की सावली गेली आणि कावळ्याला वाट मोकळी झाली. कधी माणसानेही मोजली. एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ मध्ये घुबडाच्या हल्ल्यात गेला. रात्री घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे जाताना हे झालं. तरी ते पुढे आयुष्यभर पक्ष्यांचेच फोटो काढत राहिले.

लेन्स लांब झाली

मग ३५ मिलिमीटरचा रोल आला. जी लेन्स दाखवते तेच डोळ्याला दाखवणारे एसएलआर आले. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि त्याच्यासोबत लांब लेन्सांचं एक अख्खं कुटुंब हळूहळू तयार झालं. १९८५ मध्ये मिनोल्टाने आणि १९८७ मध्ये कॅननच्या ईओएसने ऑटोफोकस सामान्य माणसाच्या हातात दिला. पक्षी आता उडतानाही पकडता येऊ लागला. घरट्याची गरज संपली!

तरीही एक लगाम होता, ३६ फोटोंचा रोल. प्रत्येक क्लिकला पैसे पडायचे आणि रोल धुऊन येईपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही. त्यामुळे लोक बसून राहायचे, वाट बघायचे. हा संयम थोडा स्वभावाचा आणि बराचसा पाकिटाचा होता.

हाही लगाम २००३ मध्ये सुटला. कॅनन ३००डी हा हजार डॉलरच्या आतला पहिला डीएसएलआर, आणि पुढच्याच वर्षी निकॉन डी७०. क्लिक फुकट झाली. मग २०१३ ते २०१५ या काळात टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १५०-६०० आणि निकॉनची २००-५०० अशा लेन्स आल्या. आधी ज्या पल्ल्यासाठी चारचाकीच्या किमतीची लेन्स लागायची, तो पल्ला दुचाकीच्या किमतीत आला. २०२०-२१ पासून तर मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधून त्यावर फोकस धरतात. मारेच्या बंदुकीला सेकंदाला १२ चित्रं जमायची, आता २०-३० सहज निघतात, तीही आवाज न करता.

आता मुद्द्यावर येतो. प्रत्येक पिढीच्या कॅमेऱ्याने फोटोग्राफरला थोडं जास्त अंतर मिळवून दिलं. पाच फुटांचे पन्नास फूट झाले, पन्नासचे दीडशे. हे वाचलेलं अंतर कुणाच्या खात्यात जमा झालं? पक्ष्याच्या खात्यात जाऊ शकलं असतं. "आता जवळ जायची गरज नाही, तू निवांत राहा." पण बऱ्याचदा झालं उलटं. ६०० ची लेन्स आली तर आम्ही तिच्यासकट तेवढ्याच जवळ गेलो, कारण आता पूर्ण पक्षी नको, पिसापिसाचा तपशील हवा! शिवाय मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावायचं, दुर्मिळ पक्षी दिसला की ठिकाण कळवायचं, दुसऱ्या दिवशी तिथे वीस गाड्या. कीअर्टन बंधूंची निदान मजबुरी होती. आपली नाही.

शहाद्याचा पिंगळा

कॅमेरा चांगला वापरला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. वन पिंगळा हे छोटं घुबड. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात काही पक्षी मारून नमुने जमवले. आणि त्यानंतर पक्षी गायब. जगभरच्या म्युझियममध्ये मिळून सात कातडी, बास.

मध्ये १९१४ ची एक नोंद होती, कर्नल माइनर्ट्झहागेन यांची, गुजरातमधली. सालिम अलींसारख्यांनीही पुढे शोध घेतला, काही मिळालं नाही. मिळणार कसं? पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने जुनी कातडी तपासली तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांचा नमुना म्युझियममधूनच लंपास केलेला होता, डेव्हिडसनचाच, चिठ्ठी बदललेला. लोक चुकीच्या जागी शोधत होते! खोटी नोंद बाजूला काढल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे जुन्या खऱ्या जागांवर गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर पिंगळा बसलेला दिसला. १८८४ नंतर पहिल्यांदा, म्हणजे ११३ वर्षांनी.

या वेळी कुणी बंदूक उचलली नाही. व्हिडिओ आणि फोटो हाच पुरावा. पुढे हा पिंगळा आमच्या शेजारच्या मेळघाटातही सापडला. ह्यूमच्या काळात हाच क्षण आला असता तर त्या पिंगळ्याचं आठवं कातडं झालं असतं. कॅमेऱ्याने पक्षीशास्त्रात जे केलं ते मला वाटतं एवढ्या एका वाक्यात येतं.

आमच्या माळावरचा तणमोर

आता घरी येऊ. इंग्रजांच्या कागदांवर वाशिमचं नाव 'बासिम'. वऱ्हाडातला हा वेगळा जिल्हा १९०५ मध्ये मोडला, वाशिमचा भाग अकोल्यात गेला, आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. कारंज्याजवळ काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, साधारण १८ चौरस किलोमीटरचं. नकाशावर ठिपकाच. बाकीचा माळ अभयारण्याबाहेर, शेतं आणि चराईच्या मधे सापडलेला.

अकोला-वाशिमच्या या माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. माळढोकाचा धाकटा भाऊ म्हणा. लांबी जेमतेम ४५ सेंटिमीटर. एरवी गवतात असा दडतो की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. पण विणीच्या दिवसांत नर गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो आणि खाली जातो. पुन्हा उडी. दिवसभरात शेकडो वेळा, आणि बहुतेक ठरलेल्या जागेवरून. मादीला दिसावं म्हणून. ती गवतातच जमिनीवर अंडी घालते.

ही उडीच त्याच्या मुळावर आली. साहेबांच्या काळात तणमोर हा शिकारीचा पक्षी. नर स्वतःच उडी मारून ठिकाण सांगतो, म्हणजे बंदुकवाल्याला आणखी काय हवं? नंतर शिकार बंद झाली, पण गवताळ रानं नांगराखाली गेली. आज तणमोर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जगाच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे, आणि देशभरातले नर काही शेकड्यांत मोजावे लागतात.

आमच्या भागात त्याची खरी माहिती कुणाला असेल तर फासेपारधी समाजाला. ज्यांचं पोटच तितर-लावे पकडण्यावर होतं, त्यांना गवतातली प्रत्येक हालचाल वाचता येते. मारुती चितमपल्लींनीही पक्ष्यांची कितीतरी नावं आणि माहिती आदिवासी-पारध्यांकडून शिकून मराठीत आणली. इथे 'संवेदना' ही संस्था पारधी बेड्यांवरच्या लोकांना सोबत घेऊन तणमोर आणि माळ राखण्याचं काम करते. फासे लावणारे हात राखण करतायत, याहून मोठी बातमी काय असणार?

आणि आता कल्पना करा. पावसाळ्यातली ढगाळ सकाळ, माळावर एक नर उड्या मारतोय, आणि आपण नवाकोरा कॅमेरा घेऊन चाललोय. लेन्स आखूड पडतेय म्हणून दहा पावलं पुढे. अजून दहा. नर उडी थांबवतो, गवतात दबतो. आपण अर्धा तास थांबतो, फोटो न मिळाल्याची हळहळ करत निघतो. त्याचा मात्र विणीच्या मोजक्या दिवसांतला एक सकाळचा वेळ गेला. उद्या दुसरा कुणी येईल, परवा तिसरा. उडीच्या वेळी बंदूक आली काय आणि लेन्स आली काय, त्याच्या दृष्टीने सारखंच. शिवाय गवतात चालताना पायाखाली अंडी आली तर तेही कळणार नाही.

थोडं गणित

तर मग कॅमेरा कोणता? आकडेमोड करू, सवयच आहे.

सेन्सरवर पक्ष्याचं चित्र किती मोठं पडेल, हे काढायचं सूत्र सोपं आहे. पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सची फोकल लेंथ, भागिले अंतर. ४५ सेंटिमीटरचा तणमोर ५० मीटरवर, ३०० ची लेन्स. उत्तर २.७ मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या क्रॉप सेन्सरवर म्हणजे साधारण ७०० पिक्सेल. ओळख पटायला आणि लॅपटॉपवर बघायला पुरेसं. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ ६ मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे तोच पक्षी जेमतेम ५० पिक्सेलचा होतो. ठिपका!

आता महत्त्वाचं. ६०० ची लेन्स घेतली तर तेच ७०० पिक्सेल १०० मीटरवरून मिळतात. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून तुम्ही काय विकत घेतलं? पक्ष्यासाठी ५० मीटर. तुम्ही ते त्याला दिलेत तर.

एक पर्याय सुपरझूमचा. निकॉन पी९०० हा २०१५ मध्ये आला आणि खूप गाजला. लहानसा सेन्सर, पण खरी फोकल लेंथ ३५७ पर्यंत, त्यामुळे चित्रात पिक्सेल भरपूर. हलका, एकाच डब्यात सगळं. मात्र त्याच्या सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉप सेन्सरच्या साधारण तेराव्या हिश्श्याएवढं. स्वच्छ उन्हात तळ्यावरच्या बदकांसाठी झकास, ढगाळ पहाटे उडीसाठी अवघड. शिवाय ऑटोफोकस पक्षी सोडून पुढच्या गवताच्या पातीला चिकटतो. हा रोग महागड्या कॅमेऱ्यांनाही थोडाफार असतोच.

म्हणून माझा क्रम असा. पहिला खर्च दुर्बिणीचा, ८ x ४२ ची, कारण जो पक्षी आधी नीट बघता येत नाही त्याचा फोटोही येत नाही. दुसरा खर्च लेन्सचा, बजेटचा मोठा वाटा तिला, निदान ४०० पर्यंत जाणारी. तिसरा खर्च बॉडीचा, आणि इथे खुशाल सेकंडहँड घ्या. नवे डीएसएलआर आता जवळजवळ येत नाहीत, लोक मिररलेसकडे चाललेत, त्यामुळे चांगल्या जुन्या बॉडी स्वस्तात मिळतात. ज्यांना मिररलेस परवडतं त्यांनी आवाज न करणारं शटर आणि पक्ष्याचा डोळा धरणारा फोकस एवढं बघून घ्यावं, बाकी मेगापिक्सेल विसरावेत. चौथा खर्च जवळजवळ शून्य. धान्य किंवा वाळू भरलेली एक पिशवी, लेन्स टेकवायला. ती गाडीच्या खिडकीवर किंवा बांधावर ठेवायची आणि बसून राहायचं. शेतातल्या राखणीच्या मचाणाइतकं उत्तम लपण तर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आणि ठिकाण जगाला सांगायचं नाही. घरट्यावर जायचं नाही. आज बऱ्याच स्पर्धा घरट्यावरचे फोटो घेतही नाहीत, हे बरंच झालं. शंभर वर्षांपूर्वी कॅमेऱ्यालाच दुसरं काही जमत नव्हतं म्हणून सुरू झालेली गोष्ट होती ती.

थोडक्यात काय, ऑफिसातल्या त्या एक्सेल शीटमध्ये मी आता पहिला रकाना टाकलाय, 'अंतर'. कुठला पक्षी, तो किती लांबून निवांत राहतो, हे आधी भरायचं. मग लेन्स ठरते, लेन्सवरून बॉडी ठरते, आणि कॅनन की निकॉन हे भांडण शेवटच्या रकान्यात जातं. चहा गार व्हायच्या आत.